विहिरींची विचारपूस

यशवंतकाका कुणाच्याही घरी गेले की आधी विहिरीची विचारपूस करीत, मग माणसांची. चपला ओटीखाली काढून थेट मागच्या वाडीत. दोरीला शिशाचा गोळा, दोरीवर खडू चोळलेला. ती विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजलाय ते बघायचं, ओंजळभर पाणी तोंडात घोळवून नारळाच्या आळ्यात थुंकायचं. मग घरात येऊन गंभीरपणे सांगायचं, "कालच्यापेक्षा उतरलंय."

"कालच्यापेक्षा" हा त्यांचा लाडका शब्द. आई तापाने फणफणली होती तेव्हा उशाशी बसून त्यांनी विचारलं, "कालच्यापेक्षा?" एका लग्नात नवरीच्या आईलाही विचारलं. कशाबद्दल, ते तिला अजून कळलेलं नाही.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. लहानपणीच नागाव सोडून चांद्याकडे कोळशाच्या खाणीवर गेले, ते म्हातारपणी, एकोणीसशे पन्नास सालानंतर परतले. खाणीभोवतालच्या विहिरींचं, नाल्यांचं पाणी मोजायचं आणि चाखायचं, हे तिथलं त्यांचं काम. एखादी विहीर एकाएकी उतरली, तर तिचं पाणी खाणीत शिरतंय असं समजायचं.

आमच्या विहिरी रोजच उतरतात. समुद्र हाकेच्या अंतरावर. ओहोटीला पाणी थोडं खाली जातं, भरतीला वर येतं. पाण्याला जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक. काकांना मात्र कुणी सांगितलं नाही, कारण त्यांचा घाबरा चेहरा बघायला गावाला गंमत वाटे. मी मुळातच कमी बोलणारा. पण या बाबतीत मी स्वभावामुळे गप्प नव्हतो, मलाही गंमतच वाटत होती.

वैशाखात आमची विहीर साफ करायला काढली. माझा धाकटा भाऊ वसंता तळाशी गाळ भरत होता. वर दोरावर मी आणि आमचा गडी पांडू. इतक्यात शेजारच्या वाडीतून काका अनवाणी धावत आले.

"माझ्या विहिरीचं पाणी उतरलंय. ते इकडेच येतंय. त्याला वर घ्या."

पांडू हसला. काकांना होडी घेऊन या म्हणावं, असं वसंताने खालून सुनावलं. काकांनी सरळ आमच्या हातातला दोर धरला आणि ओढायला लागले. गाळाने भरलेलं घमेलं अर्ध्यावर होतं, बरोबर वसंताच्या डोक्यावर. ते हेलकावे खाऊ लागलं.

"काका, दोर सोडा. खाली मानूस हाय," पांडू म्हणाला.

"म्हणूनच," काका म्हणाले आणि आणखी जोरात ओढू लागले.

माझ्या तळहातातून दोर सरकला. मी भडकलो. "ओहोटी आहे, काका. रोज असते. अख्ख्या गावाला माहीत आहे."

त्यांचे हात सैल पडले. पांडूने घमेलं कसंबसं कठड्यावर घेतलं.

"तुलाही?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

ते कठड्याला टेकले. "सोमा म्हणून माझा जोडीदार होता. खाली पंपावर असायचा. विहीर उतरली तशी मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, बसा, चहा घ्या, मग बघू." काकांनी विहिरीत डोकावून बघितलं. "मी चहा घेतला."

मी वसंताला वर बोलावलं. तो कुरकुरत आला. काकांनी धोतराच्या सोग्याने त्याच्या तोंडावरचा, कानांतला चिखल पुसला. पंचविशीचा घोडा निमूटपणे पुसून घेत उभा राहिला.

गाळ अजून बाकी होता. वसंता पुन्हा उतरायला निघाला तेव्हा काकांनी एक वेगळा दोर त्याच्या कमरेला बांधला, आणि दुसरं टोक स्वतःच्या. पांडूने माझ्याकडे बघितलं. काकांचं वजन ते केवढंसं. वसंताचा पाय घसरला असता तर दोघेही तळाला गेले असते.

हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांच्या मागे दगडाला पाय रोवून बसलो आणि काम संपेपर्यंत त्यांची कंबर धरून ठेवली. घमेली पांडू एकटाच ओढत होता, एकही शिवी न देता.