कुठला मामा?

"आज वाचन नाही का गं?"

समोरच्या खिडकीतून काकूंनी हाक मारली आणि संपादिकाबाईंच्या कपातला चहा आधी बशीत आणि मग थेट कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणावर गेला.

"कसलं वाचन, काकू?"

"कसलं काय कसलं! काल ती पोरगी बापाच्या बंगल्याच्या फाटकापर्यंत आली आणि तू धाडकन खिडकी लावून घेतलीस. माझं जेवणात लक्ष नाही. आत गेली की नाही?"

बाईंना घाम फुटला. प्रत्येक पुस्तक त्या मोठ्यानं वाचून तपासत. डोळा लबाड असतो, चुकलेल्या वाक्यावरूनही सवयीनं पुढे सटकतो. कान सटकत नाही, हा त्यांचा धंद्यातला अनुभव. पुढच्या खोलीत नवऱ्याच्या मीटिंगा चालत. त्या पगारी असल्यामुळे त्यांना दार होतं. बाईंचं काम 'घरीच तर असते' या सदरातलं, म्हणून त्यांचं टेबल स्वयंपाकघरात, खिडकीला लागून. ती खिडकी उघडायची इमारतीच्या मधल्या पोकळीत, आणि त्या पोकळीत साऱ्या इमारतीची स्वयंपाकघरं. कुणाकडे काय करपलं हे तिथे सगळ्यांना कळायचं. मग कादंबरी कळली तर नवल कसलं?

"ताई," तळमजल्यावरून शिंप्याचा आवाज आला, "एवढं फाटक उरकून टाका. मशीन बंद करून बसलोय."

कादंबरी होती एका निवृत्त प्राचार्यांची. हस्तलिखित देताना प्रकाशक म्हणाले होते, "पुस्तक निम्म्यावर आणा. पण प्राचार्यांना लागता कामा नये. ते खूश राहिले तर त्यांची पुढची सगळी पुस्तकं तुमची. रुसले तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरज नव्हती. तसं झालं तर बाईंच्या नशिबी पुन्हा वॉशिंग मशिनच्या माहितीपुस्तिका होत्या. 'झाकण उघडण्यापूर्वी झाकण बंद असल्याची खात्री करा' असली वाक्यं सरळ करण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती.

कादंबरी निम्म्यावर आणायची म्हणजे एकच उपाय होता. नायिकेचा मामा. हा गृहस्थ घरात, बागेत, स्टेशनवर, कुणी काही करायला निघालं रे निघालं की आडवा यायचा आणि आयुष्यावर बोलायचा. फाटकाशी पोरगी भिजत उभी, आणि हा छत्री मिटून क्षमा म्हणजे काय ते अकरा पानं सांगतोय. बाईंनी मामा मुळासकट उपटला. प्राचार्यांना कळवलं, 'काही भाग किंचित आटोपशीर केला आहे.' बाईंच्या धंद्यात 'किंचित' म्हणजे पोतंभर, आणि 'पुन्हा पाहता येईल का' म्हणजे जाळून टाका. लेखकांना हा कोश मिळत नाही, म्हणून धंदा चालतो. खरं काय ते प्रुफं आल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं.

इतक्यात फोन वाजला. प्राचार्य होते.

"बाई, तुमच्या भागात आलोच आहे. म्हटलं, समोरासमोर बसून बोलू. दहा मिनिटांत पोचतो."

बाईंनी फोन ठेवला आणि अर्ध्या खिडकीबाहेर वाकल्या. "ऐका हो सगळे! लेखक येतायत. तुम्हाला त्यातलं काही माहीत नाही! एक अक्षरसुद्धा नाही!"

"आम्ही कशाला बोलतोय?" काकू म्हणाल्या. "पण आत गेली का, तेवढं सांग."

"गेली! गेली!"

"अगंबाई!" चार खिडक्यांतून एकदम सुस्कारे आले.

नवऱ्यानं पुढच्या खोलीतून डोकावून बोट ओठांवर ठेवलं. "अगं, जरा हळू. मीटिंग आहे. आणि ती आत गेली ते बरं झालं. बाप तिकडे आजारी आहे ना."

"तू पण?"

"दाराला कान असतात," म्हणून तो नाहीसा झाला.

बाई धावत खाली आल्या, पण उशीर झाला होता. प्राचार्य शिंप्याला मजला विचारत होते, आणि शिंपी छातीवर हात ठेवून सांगत होता, "वरती तिसरा. पण साहेब, मला कादंबरीतलं काही माहीत नाही. ती पोरगी बापाकडे परत गेली, हे तर मुळीच माहीत नाही."

प्राचार्यांच्या भुवया टोपीला टेकल्या. "तुम्ही वाचलीत?"

"वाचतोय कुठली? ऐकली. ताई रोज वाचतात. आख्खी बिल्डिंग ऐकते."

बाईंना वॉशिंग मशिनचं झाकण उघडताना दिसू लागलं. पण प्राचार्य रागावले नाहीत. ते फुलले. शिंप्याच्या स्टुलावर बसले आणि लाजत म्हणाले, "मग... मामा कसा वाटला?"

"कुठला मामा?"

"नायिकेचा मामा. तत्त्वज्ञ."

शिंप्यानं डोकं खाजवलं. मग मदतीच्या हेतूनं पोकळीकडे तोंड करून ओरडला, "काकू! त्यात कुणी मामा होता का?"

"मामा? नाही बाई!" वरून उत्तर आलं. "एक पोस्टमन होता सुरुवातीला. चांगला होता."

प्राचार्य सावकाश बाईंकडे वळले. "बाई, माझा मामा कुठे आहे?"

आता 'किंचित' कामाचं नव्हतं. "काढला," बाई म्हणाल्या. "सगळा. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

"सात वर्षं लिहीत होतो मी तो मामा."

प्राचार्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिच्याकडे पाहत बसले. मग त्यांनी शिंप्याला विचारलं, "फाटकाचा प्रसंग चालला होता तेव्हा... तुम्ही काम करता करताच ऐकत होतात ना?"

"छे हो! मशीन बंद ठेवलं होतं. एका गिऱ्हाईकाची बाही अजून तशीच आहे बघा."

"पूर्ण बंद?"

"पूर्ण."

प्राचार्य उठले, ती अर्धवट बाही बोटांनी चाचपून पाहिली आणि टोपी घालून निघून गेले.

संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. बाईंनी तो उभ्यानंच घेतला.

"अहो, काय माणूस आहे!" प्रकाशक म्हणत होते. "म्हणतात, मीच मामा काढून टाकला. कथेच्या आड येत होता म्हणे. स्वतःच्या लेखनावर अशी कात्री चालवायला केवढं मोठं मन लागतं! तुम्ही लेखकांकडून शिका जरा. आणि हो, पुढची पुस्तकं तुमचीच. पहिलं आजच पाठवतोय."

बाईंनी फोन ठेवला आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. मामा काढल्याचं श्रेय गेलं, झाकणं टळली. हिशेब जमेचाच होता.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीशी बसल्या तेव्हा श्रोते तयारच होते. काकूंनी खुर्ची ओढून घेतली होती. खाली मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं. बाईंनी नव्या गठ्ठ्याचं पहिलं पान वर धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"मामांचे जीवनचिंतन. खंड पहिला."

काकूंची खिडकी लागली. तिच्या वरची लागली. शेजारची लागली. पुढच्या खोलीचं दारही हलकेच बंद झालं. आणि तळमजल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं, ते जेवायच्या सुट्टीलाही थांबलं नाही.