सकाळची पहिली तपासणी

“बंद करा हो तुमचं ते यंत्र! माझे कार्डांचे खण बरे होते,” ग्रंथपालबाई कडाडल्या. काउंटरपुढे रांग लागली होती आणि पडद्यावरचं चक्र चार मिनिटं नुसतं फिरत होतं.

प्रोग्रामरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर रक्त आटवून त्याने वाचनालयाची पुस्तकं शोधायची सोय नव्याने केली होती. पूर्वी प्रत्येक वाचकासाठी पुस्तकांची यादी सांभाळणाऱ्या डेटाबेसला नवा प्रश्न लिहिला जाई आणि डेटाबेस दर वेळी पुस्तकांपर्यंतची वाट शोधत डोकं खाजवत बसे. आता प्रश्न एकच, पुस्तकांच्या विभागाची जागा तेवढी रिकामी. हवं ते नाव तिथे भरायचं. डेटाबेसने सकाळी पहिल्या शोधाला एकदा वाट ठरवली की दिवसभर त्याच वाटेने धावायचं. आणि तरीही हा डेटाबेस रांगत होता!

“शुक्रवारी विश्वस्त येतायत. तेव्हा असं अडलं तर तुमचं काम बंद,” बाईंनी सांगून टाकलं.

त्याने वायरमनला झापलं, नेटवाल्याला फोनवर फैलावर घेतलं आणि सारखी बटणं दाबणाऱ्या निवृत्त मास्तरांवर तर असा खेकसला की त्यांचा चष्मा घसरला. त्याची स्वतःची चूक असणं शक्यच नव्हतं. पहिल्या दिवसापासून तो सकाळी सातला येऊन, मशीन चालू होताच स्वतः तपासणी करत होता. त्यासाठी ‘चाचणी’ नावाचा विभाग काढून त्यात तीन खोटी पुस्तकं ठेवली होती. ती क्षणात सापडत. नऊला दार उघडलं की पुन्हा रडगाणं.

शुक्रवारी नेमकी स्कूटर पंक्चर. शिव्या घालत, घामाघूम होऊन तो दहाला पोचला. विश्वस्त आरामात चहा पीत होते. रांग नव्हती, पुस्तकं भराभर सापडत होती.

“काय केलंत हो आज?” बाईंनी विचारलं.

“आज पहिला शोध कुणी केला?”

“मास्तरांनी. कादंबऱ्या.”

त्याने पडद्यावर आकडा पाहिला. कादंबऱ्या ऐंशी हजार. पहिलाच शोध तिथला, म्हणून डेटाबेसने आज ऐंशी हजारांना पुरेल अशी वाट धरली होती. आणि रोज तो स्वतः सातला येऊन तीन पुस्तकांपुरती गल्ली ठरवून द्यायचा, मग दिवसभर सगळ्या वाचकांना त्याच गल्लीतून पिटाळायचा.

“म्हणजे इतके दिवस पहिलं बोट तुमचंच लागत होतं?” बाईंनी आवाज खाली आणला.

“हो.”

“विश्वस्तांना सांगते, काम पक्कं झालंय म्हणून. पण नऊच्या आत दारात दिसलात ना, तर गाठ माझ्याशी आहे!”

मास्तर दोन कादंबऱ्या बगलेत मारून समोरून गेले. “आज तुम्ही नव्हता ना, छान चाललं होतं,” ते म्हणाले. त्याला भयंकर संताप आला. सवयीने त्याने तोंडही उघडलं. पण ओरडायचं कुणावर, ते काही सुचेना.