बखर दोन प्याल्यांच्या राज्याची

आकाश आणि पृथ्वी उत्पन्न करणारा जो एक देव, त्याचे चरणी मस्तक ठेवून, आणि माणसांपैकी कोणाचेही चरणी न ठेवता, हे लिहिले असे. शके अठराशे बहात्तर, विकृती नाम संवत्सरी, ज्येष्ठमासी एका राज्याची गादी रिकामी जाहली. राज्य म्हणजे काय, तर एक दगडी देऊळ, एक घंटा, चिंचेखालचा पाळकाचा बंगला, आणि रविवारी धुवट कपडे घालून येणारी ख्रिस्ती मंडळी. गादी म्हणजे व्यासपीठ. गादीवर पाळक उभे राहत, पण राज्य चालवीत ते कारभारी अहरोनराव शिरसाट, पहिल्या बाकावरून, काठीवर हनुवटी टेकून. मंडळी दोन प्रकारची होती. आधी बाप्तिस्मा घेतलेली घराणी पुढे बसत आणि मागाहून आलेली नदीपलीकडची घराणी मागे बसत. येशूपाशी येताना जात वेशीबाहेर टाकली म्हणत, आणि पायरीवर पोहोचतात तो ती आधीच आत जाऊन बाक धरून बसलेली. म्हणोन प्रभुभोजनाचे, म्हणजे द्राक्षरस सर्वांनी पाळीपाळीने प्यावयाचे, प्यालेही दोन होते, एकाच साच्याचे, एकाच वजनाचे, आणि दुसऱ्याच्या दांडीला तांबडा दोरा बांधीत, तो मागल्यांचा.

या राज्यात तबीथाबाई उजागरे म्हणोन एक विधवा पेटी वाजवीत असे. घराणे नदीपलीकडचे, पण बोटांत गळा होता, त्यामुळे जागा पुढली, व्यासपीठाच्या पायाशी मिळाली; प्याला मात्र दोऱ्याचा. आणि राज्याचा एक रिवाज असा होता की, पाळकांचे प्रवचन लांबले अथवा वाकडे गेले तर कारभाऱ्यांनी करंगळी उचलावी आणि बाईंनी पेटी धरावी, मग मंडळीने उठून गीत म्हणावे आणि पाळकांनी गप्प राहावे. मग त्या ज्येष्ठात वृद्ध पाळक तीमथ्यराव देठे गादीवर चढले, सवयीप्रमाणे दोनदा खाकरले, डावा कान चोळला आणि विचारले, "मंडळी, ऐकता ना?" मंडळी सवयीप्रमाणे गर्जली, "ऐकतो!" मग पाळक म्हणाले, "तर आज मला या दोन प्याल्यांविषयी सांगायचे आहे. हे दोन प्याले..." इतक्यात करंगळी वर गेली आणि बाईंनी पेटी धरली. मंडळी गाऊ लागली, आणि पाळक थांबले नाहीत. गीत संपेतोवर त्यांचे ओठ हलत होते, मग पुस्तक मिटून खाली उतरले, घरी जाऊन अंथरुणास खिळले आणि त्याच आठवड्यात देवाज्ञा जाहली. मूठमातीच्या वेळी अहरोनरावांनी, म्हणावयाची रीत आहे म्हणोन, हात जोडून म्हटले, "प्रभो, आम्हांस पुन्हा असाच पाळक दे." मागून योनाबाबा पारधे म्हणोन एक म्हातारा मोठ्याने "आमेन" म्हणाला आणि पुढे बोलला, "मागताना तोंड सांभाळावं, कारभारी. वर ऐकणारा बहिरा नाही."

मग पुढील रविवारी गादी रिकामी असता कारभारी खाली उभे राहून शास्त्रपाठ वाचीत होते, आणि मध्येच सारी मंडळी एका तोंडाने म्हणाली, "ऐकतो!" कारभारी चमकले. म्हणाले, "कोणी विचारलं?" जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. विचारले कोणीच नव्हते. तबीथाबाईंस मात्र त्याआधी दोनदा खाकरल्याचे ऐकू आले होते, वरून, आणि त्या मान वर न करता पेटीच्या पट्ट्यांकडे पाहत बसल्या.

मग नवा पाळक पाहण्याची मसलत भरली. एक पंच म्हणाले, "तरुण पाहिजे, पण पिकलेला पाहिजे." दुसरे म्हणाले, "बायको गाणारी पाहिजे." तिसरे म्हणाले, "गाणारी असू दे, बोलणारी नको." अहरोनराव काठी आपटून म्हणाले, "प्याले आहेत तसे ठेवणारा पाहिजे. बाकी मुका असला तरी चालेल." योनाबाबा दारातून बोलला, "मुकाच आणा. बाईंच्या पेटीचा भाता तरी वाचेल." मंडळी हसली आणि तबीथाबाईंच्या कानशिलांस आग लागली. पण बाई काय बोलणार? पेटी होती तोवर पुढली जागा होती, नवरा गेल्यावर माणसांत बसण्याचे तेवढेच निमित्त होते, आणि पेटीची किल्ली कारभाऱ्यांच्या करगोट्याला होती.

मग श्रावणात पहिले उमेदवार आले, शहरातले, विद्वान, आवाज बासरीसारखा बारीक. दहा कुमारींच्या दृष्टांतावरचे प्रवचन उत्तम चालले होते, दिव्यांत तेल घालेतोवर सर्व ठीक, आणि मग ते थांबले. दोनदा खाकरले. डावा कान चोळला. आणि त्या बारीक गळ्यातून जाडाभरडा आवाज निघाला, "मंडळी, ऐकता ना?" मंडळीच्या तोंडून सवयीने "ऐकतो" निघून गेले आणि निघाल्यावर प्रत्येकाने आपल्या तोंडावर हात ठेवला. "हे दोन प्याले..." करंगळी उठली, बाईंच्या बोटांनी बाईंस न विचारता पेटी धरली, गीत जाहले. उमेदवार खाली उतरून म्हणाले, "कुमारींनी तेल घातलं तिथवर आलो होतो, मध्येच गीत का?" त्यांस काहीच ठाऊक नव्हते. त्यांचा फराळही न होता त्यांस गाडीत बसवून दिले. आश्विनात दुसरे आले, धिप्पाड, खणखणीत, सैतानास नावाने हाका मारणारे. त्यांचेही तेच जाहले, तेच खाकरणे, तोच कान, त्याच शब्दावर पेटी. मग बोभाटा होऊन कोणी उमेदवार त्या राज्याचे पाणी प्यावयास तयार होईना.

मग कारभाऱ्यांनी घरातलाच मोहरा काढला. बहिणीचा मुलगा सीलास, धर्मविद्यालयातून काठावर उतरलेला, गरीब स्वभावाचा, मामाने बस म्हटले की बसणारा. शनिवारी कारभारी बाईंच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "बाई, उद्या माझ्या भाच्याचं प्रवचन आहे. करंगळीची वाट पाहू नका. खाकरला की धरा." बाई म्हणाल्या, "कारभारी, त्या दिवशी मी धरली नसती तर काय बोलणार होते ते?" कारभारी म्हणाले, "मेलेल्या माणसाचं बोलणं मेलं. तुम्हांला पेटी पाहिजे का नको, तेवढं सांगा." बाई म्हणाल्या, "पाहिजे." आणि हे खरेच होते. पण आधी बाईंनी जे पुसले ते पुसणे खोटे होते, कारण पाळक काय बोलले हे साऱ्या राज्यात एकट्या बाईंनाच ठाऊक होते. त्या व्यासपीठाच्या पायाशी बसत, आणि आपल्याच सुरांच्या खालून त्यांनी सगळे ऐकले होते. आपल्याखेरीज आणखी कोणी ऐकले की काय, एवढे त्या चाचपून पाहत होत्या.

मग मार्गशीर्षातला रविवार उजाडला. लख्ख ऊन, खिडक्या उघड्या, प्रभुभोजनाच्या मेजावर दोन प्याले झाकलेले. सीलास वर चढला, चार वाक्ये अडखळत बोलला, आणि खाकरला. एकदा. दोनदा. कान चोळला. चिंचेवरचे पक्षी एकाएकी गप्प जाहले. "मंडळी, ऐकता ना?" या खेपेस कोणी उत्तर दिले नाही. "हे दोन प्याले..." करंगळी उठली. बाईंनी हात मांडीवर ठेवले. मग सारा पंजा उठला, मग काठी उठली, आणि कारभारी भर देवळात ओरडले, "बाई! पेटी!" बाईंनी भात्याची खिटी लावली. मग सर्वांस वाटले की आता मेलेला पुढे बोलेल. पण तो बोलेना. सीलास तोंड उघडे ठेवून तसाच उभा, डोळे पापणी न लववता, आणि घसा "हे दोन प्याले... हे दोन प्याले..." एवढेच म्हणे, जिथे त्या दिवशी पेटी आडवी आली होती तिथेच मेलेल्याचा पाय अडकलेला. मग त्या शरीराने हळूच मान वळवली आणि खाली पेटीकडे पाहिले. वाट पाहिली.

मग तबीथाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पुढचं मी सांगते. मी ऐकलंय. ते म्हणाले, हे दोन प्याले मी माझ्या हातानं राखेनं घासतो. घासताना दोरा सोडावा लागतो. आणि या गादीवर आलो त्या वर्षापासून मी दोरा परत बांधताना डोळे मिटून, हाताला लागेल त्या प्याल्याला बांधतो. कोणता कोणाचा हे मला ठाऊक नाही, देवाला ठाऊक असेल. तुम्ही सगळे एकमेकांचं उष्टं प्यायलेले आहात, आणि अजून कोणी मेलेलं नाही." मग बाईंनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "मंडळी, ऐकता ना?"

पुढल्या बाकांवर कोणी पदराने, कोणी रुमालाने ओठ पुसू लागले, जणू आताच प्यायले. मागल्या बाकांवरून योनाबाबा म्हणाला, "ऐकतो, बाई," आणि मग मागले सगळे म्हणाले, "ऐकतो!" सीलासने पापणी लवविली आणि आपल्या बारक्या आवाजात विचारले, "मामा, मी कुठवर आलो होतो?" मामा उठले, मेजापाशी गेले, म्हणाले, "आमचा कोणता ते मी दाखवतो," आणि झाकण ओढले. दोन्ही प्याल्यांच्या दांडीला तांबडा दोरा होता. गाठ एकाच हाताची, डोळे मिटून मारल्यासारखी, वेडीवाकडी. प्याले आदल्या सांजेस कारभाऱ्यांनी स्वतः, एकालाच दोरा बांधून, मांडून देवळास कुलूप घातले होते.

मग पुढे असे जाहले की पेटी बाईंकडून गेली, ती वाजविणारे कोणी नाही म्हणोन उंदरांनी तिचा भाता खाल्ला, आणि बाई मागल्या बाकावर बसून नुसत्या गळ्याने सूर देतात. पाळक सीलासच जाहला, दुसरा कोणी येईना. दोरे त्याने कितीदा सोडले तरी रविवारी ते जागेवर असतात. कारभारी पहिल्या बाकावर बसतात, प्याला पुढे आला की तोंड मिटतात, आणि तहानेले उठून जातात.

एकूण हिशेब इतकाच की राज्याने मागितला तसाच पाळक राज्यास मिळाला. प्याले दोन आहेत, दोरे दोन आहेत, आणि ज्यास प्यावयाचे त्याने दुसऱ्याच प्याल्यातून प्यावे, बिनदोऱ्याचा पहिला आता नाही.