मारबतीसोबत गेलेलं पोतं

पोळ्याच्या संध्याकाळी बापूजी स्वयंपाकघरात उभे राहून फळीवरच्या खोक्याकडे बघत होते. खोक्यात इंदिराबाईंची औषधं होती. बायको जाऊन सात महिने झाले होते, पण गोळ्यांची पाकिटं, खोकल्याच्या अर्ध्या बाटल्या, मलमाच्या नळ्या, शेकायची रबरी पिशवी, सगळं जिथल्या तिथं होतं. बापूजी रोज सकाळी चहापत्तीचा डबा काढताना खोकं डावीकडे सरकवायचे आणि चहा झाला की परत उजवीकडे.

टाकायचं त्यांनी दोनदा मनावर घेतलं होतं. पण मोहटोल्याचा कचऱ्याचा खड्डा पानठेल्यासमोर होता. पहिल्या वेळी ठेल्यावर बसलेल्या इतवारीनं तिथूनच विचारलं, "काय जी बापूजी, बाईचं सामान टाकून राह्यले काय?"

"नाई जी. फिरवून आणून राह्यलो," असं म्हणून बापूजी खोकं घेऊन घरी परतले. दुसऱ्या वेळी कोणी काही विचारलं नाही. सगळे नुसते गप्प झाले. ते जास्त वाईट होतं.

पोळ्याला गावात प्रत्येक दारात पळसाचा मेढा, म्हणजे पानांसकट फांदी, ठेवतात. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सगळे आपापला मेढा उचलून ओरडत शिवेवर नेतात आणि फेकून येतात. गावातली रोगराई मारबत, म्हणजे बिमारीची बाई, आपल्यासोबत घेऊन जाते अशी समजूत. मोहटोल्याची शीव म्हणजे नाला. बापूजींनी विचार केला, बिमारीच न्यायची आहे तर या खोक्याएवढी बिमारी गावात दुसऱ्या कोणाकडे असेल?

अडचण एकच होती. नाल्यात मेढ्याशिवाय काहीही टाकायचं नाही, हा ठराव गेल्या वर्षी खुद्द बापूजींनीच केला होता. हा नाला पुढं बोडीटोल्याच्या तलावात उतरतो. तिथल्या मासेमार सोसायटीचं पोट त्या तलावावर. गेल्या वर्षी मोठ्या पावसात मोहटोल्याच्या बांधांवरचे फवारणीचे डबे वाहत गेले आणि तिकडं मासे उलटे होऊन तरंगले. सोसायटीचे अध्यक्ष भैयाजी हे बापूजींचे व्याही, इकडच्या बोलीत इवाई. बापूजींची एकुलती एक लेक साधना त्यांची सून. मासे मेले त्या दिवसापासून बोडीटोल्यात साधनाला विहिरीवर, दुकानात, जिथं तिथं ऐकावं लागे, "तुह्या माहेरच्या पान्यानं मारलं आमाले." लेकीसाठी बापूजींनी दोन्ही गावांची नाला समिती केली, स्वतः अध्यक्ष झाले, तलावाच्या तोंडाशी जाळी बसवून घेतली. परवाच साधना फोनवर म्हणाली होती, "बाबा, आता मले कोनी काई म्हणत नाई."

हे सगळं बापूजींना ठाऊक होतं. तरी त्यांनी खोकं खताच्या रिकाम्या पोत्यात उलटं केलं आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं.

सकाळी पोत्यावर मेढा ठेवून, दोन्ही हातांनी कवटाळून ते निघाले. शेजारचा खुशाल कोंबड्या विकायचा. तो म्हणाला, "बापूजी, मेढा हाये का झाड जी?"

"बिमारी मोठी होती," बापूजी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"खोकला, ताप, घेऊन जा गे मारबत!" सगळे ओरडले. बापूजींनीही ओरडून हातातलं सगळं पाण्यात सोडलं. घरी येऊन चहापत्तीचा डबा काढताना काहीही सरकवावं लागलं नाही. त्यांना हलकं वाटलं. ते दुपारपर्यंत टिकलं. दुपारी असा पाऊस लागला की नाला दोन्ही काठ सोडून धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजींचा फोन आला.

"रामराम इवाई. पोळा मजेत झाला ना जी?"

"झाला. तुमचा?"

"एकदम मस्त. तब्येतपानी?"

"बरं हाये."

"बरं इवाई, एक लहानशी गोष्ट होती. तुमच्या गावचं एक पोतं आमच्या जाळीत आलं. आत दवाया हायेत. जाळी होती म्हणून बचावलो, नाई तं मासोळ्या बिनाबिमारीच्या गोळ्या खाऊन बसल्या असत्या."

सांगायची वेळ होती ती हीच. पण बापूजींच्या तोंडून भलतंच निघालं. "कोन हाये तो बेशरम? मी पाह्यतो त्याले!"

"मंग बैठक बलवा जी. आमी येतो पोतं घेऊन."

व्याह्याला नाही म्हणता येईना. दुपारी मारुतीच्या पारावर गाव जमलं. खताची पोती घरोघरी सारखीच, दवायाही घरोघरी, असं बापूजींनी मनाला समजावलं. तरी भीती जाईना. जितकी भीती वाढे, तितका आवाज चढत गेला.

"दुसऱ्याच्या ताटात माती कालवनारा मानूस आपल्या गावात हाये!" ते म्हणाले. "सापडू द्या त्याले. सात दिवस नाल्यात उभा करू. एकट्यानं सारा नाला साफ केला पाह्यजे!"

"दहा दिवस!" इतवारी ओरडला.

"दहा दिवस!" बापूजी म्हणाले आणि घाम पुसला.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. भैयाजी उतरले, मागून डोक्यावर पदर घेतलेली साधना उतरली. बापूजींनी लेकीकडं बघितलं नाही. भैयाजींनी पोतं पारावर नवरदेवाला बसवावं तसं हळूच बसवलं. मग चहा झाला. पाऊसपाणी, धानाची रोवणी, सगळ्यांची विचारपूस झाली. पोत्याचं नाव कोणी काढेना. शेवटी इतवारीनंच सुतळी सोडली. रबरी पिशवी बाहेर आली तेव्हा बापूजींनी डोळे मिटले.

"यात कागद-बिगद नाई काय जी, नावाचा?" इतवारीनं विचारलं.

"होता," भैयाजी म्हणाले. "पन पान्यानं सारं धुवून गेलं. काईच वाचता येत नाई."

बापूजींनी डोळे उघडले. दवाखान्याची फाइल! ती खोक्याच्या तळाशी होती, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ते ती साफ विसरले होते. भैयाजींच्या सदऱ्याच्या आतून त्याच पिशवीचा कोपरा बाहेर डोकावत होता. भैयाजींनी तो बोटानं आत सारला आणि चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

व्याह्यानं झाकलं होतं. बापूजींना सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं म्हणून जास्तच लाज वाटली.

पण बैठकीला कोणीतरी हवं होतं. एक जण म्हणाला, "खुशालच्या कोंबड्या बिमार होत्या मागं."

"अबे, मानसाच्या गोळ्या कोंबडीले कोन देते?" खुशाल उठून उभा राहिला.

"तू देशील."

"मेलेल्या कोंबड्याची पिसं कोन फेकते नाल्यात?" दुसऱ्या एकानं विचारलं.

"ते मागल्या साली जी! ठरावाच्या आंधी! यंदा एक पीस नाई टाकलं, लेकराची आन!" खुशालचा आवाज फुटला. तो बापूजींकडं वळला. "तुमी तरी सांगा जी. तुमी माह्ये शेजारी. रोज पाह्यता मले."

बापूजी उठले.

"त्याले सोडा. पोतं माह्यं हाये."

मग भैयाजी घाईघाईनं उभे राहिले. "पाहा! याले म्हन्तेत मोठं मन! शेजाऱ्यावर बालंट आलं तं आपल्या अंगावर घेऊन राह्यले. असा इवाई मले भेटला, माह्यं नशीब!"

"भैयाजी, खरंच माह्यं—"

"बसा जी, बसा. किती मोठं व्हाल अजून?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुशालनं बापूजींचे पाय धरले. इतवारी धावत गेला आणि पोळ्याला बैलाला घातलेला झेंडूचा हार आणून त्यानं बापूजींच्या गळ्यात घातला. हाराला बैलाचे केस लागले होते. बापूजींना वाटलं, आता या पारानं दोन तुकडे होऊन आपल्याला आत घ्यावं.

"मामाजी, फाइल काढा," साधना म्हणाली.

"कोनती फाइल बाई?"

"तुमच्या सदऱ्यातली."

सून सगळ्यांदेखत असं बोलेल, हे भैयाजींच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी एकदा बापूजींकडं, एकदा आभाळाकडं बघितलं आणि फाइल काढली. साधनानं ती उघडून मोठ्यानं वाचलं. वरती इंदिराबाईंचं नाव, खाली बापूजींचं, खाली मुक्काम मोहटोला. पाण्यानं एक अक्षर गेलं नव्हतं.

"हे माह्या आईचं हाये," ती म्हणाली. "बाबा खरं बोलून राह्यले तं बोलू द्या ना त्याइले. उद्या बोडीटोल्यात मले कोनी विचारलं तं मी काय सांगू? सासऱ्यानं लपवलं म्हणून?" मग ती बापूजींकडं वळली. "काऊन टाकलं बाबा? गावात खड्डा नोहता?"

"खड्ड्यात टाकताना सारे पाह्यत होते माय."

"अन् नाल्यात टाकताना?"

"नाल्यात टाकताना सारे ओरडून राह्यले होते. बिमारी घेऊन जा म्हणे. मले वाटलं, घेऊन जाईल."

इतवारीनं पुढं होऊन हार हळूच काढून घेतला. मग एकाएकी बैठकीतला प्रत्येक माणूस कशाचा तरी विचार करू लागला. पोत्यात नाव राहू शकतं आणि पाण्यानं ते पुसत नाही, ही गोष्ट सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली होती. कोणाला गाय आठवली, कोणाला चुलीवरचं दूध. पाच मिनिटांत पार रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूजी धोतर खोचून, फावडं घेऊन नाल्यावर गेले. साधना रात्री माहेरीच राहिली होती. ती टोपलं घेऊन आली. भैयाजी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन काठावर हजर. आणि त्या दोघांशिवाय काठावर आणखी पंधरा-वीस माणसं होती. कोणी दगड उलटवत होतं, कोणी झुडपात डोकावत होतं.

"काय जी खुशाल, इतक्या सकाळी?" बापूजींनी विचारलं.

"खेकडे पाहाले आलो जी," खुशाल म्हणाला. त्याची नजर समोरच्या करवंदीच्या झुडपावर होती. तिथं एक पोतं अडकलं होतं.

बापूजींनी पाण्यातून जाऊन ते सोडवलं. आत तणनाशकाचे डबे होते. डब्यावर दुकानदारानं खुशालचं नाव खडूसारख्या जाड पेनानं लिहिलं होतं. काल पिसांसाठी शपथ घेतलेल्या खुशालचा चेहरा बापूजींनी बघितला. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. काल दिवसभर तो त्यांच्याच मानेवर होता.

"हे कोनाचं?" भैयाजींनी काठावरून विचारलं.

बापूजींची इज्जत काल गेलीच होती. आणखी एका पोत्यानं तीत काही कमी होणार नव्हतं. त्यांनी नावावर चिखल फासला.

"माह्यंच," ते म्हणाले.

काल खरं बोलले तर कोणी विश्वास ठेवला नव्हता. आज कोणी साधी शंकाही काढली नाही. मग मेढ्यांखालून, मुळ्यांमधून एकेक निघत गेलं. बकऱ्यांच्या जंतांचं औषध निघालं. बापूजींकडं बकरी नव्हती. "माह्यंच." केसांचा कलप निघाला, सहा डब्या. बापूजींचं डोकं कापसासारखं पांढरं होतं. "माह्यंच." काठावरची माणसं मान डोलावत, सुस्कारा टाकत, आणि खेकडे शोधत.

मग बंधाऱ्याखालून एक जड पोतं निघालं. ओढताना आत काचा वाजल्या. सुतळी तुटली आणि दारूच्या रिकाम्या बाटल्या वाळूत सांडल्या. गडचिरोली जिल्ह्यात दारू बंद. गावात दारूबंदी समिती, आणि तिचा सचिव इतवारी. इतवारी आभाळात ढग मोजत उभा होता.

बापूजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी ती सदऱ्याच्या आत टाकली.

"इवाई," भैयाजी हळूच म्हणाले, "हेही?"

बापूजींनी मान खाली घातली. "माह्यंच."

"एवढ्या?" भैयाजींनी बाटल्या बघितल्या. "अन् आमच्या घरी आले तं नुसता चहा घेता जी. आमी परके काय?"

साधनानं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. इतवारीचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा पडला. त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत चढवला, पाण्यात उतरला आणि बाटल्या गोळा करू लागला. मग खुशाल उतरला. मग बकरीवाला, मग कलपवाला. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. समितीच्या चार बैठकांत जेवढी माणसं आली नव्हती, तेवढी त्या दिवशी गुडघाभर पाण्यात वाकून उभी होती. दुपारपर्यंत ट्रॉली दोनदा भरली. दहा दिवसांचं काम एका दिवसात संपलं.

साधनानं टोपलं बापूजींजवळ आणलं. त्यांच्या अंगावर चिखल होता, हाताला कलप लागला होता आणि धोतराला दारूचा वास येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "आई असती तं आज तुमाले घरात नसतं घेतलं."

बापूजींनी थोडा विचार केला.

"घेतलं असतं," ते म्हणाले. "पन आंधी आंगनात उभं करून दोन बादल्या वतल्या असत्या."