परबकाकांचा पाय

परबकाकांचा पाय बसल्या जागी चालतो. तसे दोन्ही चालतात, पण उजवा जास्त. काका खुर्चीवर बसले की टाच टेकलेली, चवडा खाली, चवडा वर, असं आळीपाळीने सुरू होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, बँकेत केवायसीला. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा सगळे माना खाली घालून बसले होते आणि त्या शांततेत काकांचा चवडा थप थप थप. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. काकांनी त्यांना मान डोलावून दाद दिली.

मला हा पाय आधी डोक्यावरून कळला. मुलुंड पूर्वेला काकांची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला. त्यात मी सहाव्या मजल्यावर नवीन आले आणि काका बरोबर माझ्या वर, सातव्यावर. बिल्डरने लॉबीत ग्रॅनाइट लावला आणि सगळी काटकसर स्लॅबमध्ये केली. मी घरी आठवी-नववीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. रोज दुपारी चारला मी फळ्यावर समीकरण मांडलं की छतातून थपथप सुरू, ती अर्धा तास. पोरं सूत्रंसुद्धा त्या ठेक्यात म्हणायला लागली. तिसऱ्या आठवड्यात मी पदर खोचून वर गेले. पदर म्हणजे ओढणी, पण खोचली होती.

दार काकांनीच उघडलं. अंगात गंजी, खाली पट्ट्यापट्ट्याची हाफ पँट आणि पायात जाड लोकरीचे मोजे. मे महिना होता. मी भांडण विसरून आधी मोज्यांचंच विचारलं.

"अनवाणी आवाज होतो ना," काका म्हणाले. "खाली शिकवणी असते कुणाची तरी."

आता याच्याशी कोण भांडणार? मी चहा घेतला आणि परत आले.

चहा पिताना कळलं ते असं. काकांनी तीस वर्षं एका संगीत नाटकात ऑर्गन वाजवला. नोकरी पोस्टात, जीव ऑर्गनमध्ये. हाताने सूर आणि पायाने भाता, म्हणून तो पाय. जुनी बिल्डिंग पडायची वेळ आली तेव्हा ऑर्गन नव्या लिफ्टमध्ये मावणार नाही हे टेप लावून सिद्ध झालं, आणि तो एका भजनी मंडळाला गेला. पायाला हे कुणी कळवलं नाही. काका रोज चारला रिकाम्या भिंतीसमोर स्टूल घेऊन बसतात आणि त्या नाटकाचा शेवटचा अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवतात.

नाटकाचं नाव मी लिहीत नाही. काका हे वाचणार, आणि नावाआधी 'संगीत' लिहिलं नाही तर त्यांना चालत नाही. लिहिलं, तर हल्ली ते नव्याने करणाऱ्यांना चालत नाही. गोष्ट मात्र सांगते. सासू सुनेसाठी दुधात विष कालवते आणि ते दूध सुनेचं मूल पितं. शेवटी सून मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन अंगाई म्हणते. सुनेचं काम शालूकाकू करायच्या, म्हणजे परबकाकांच्या बायको. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. घरात फोटो आहे, त्यात त्या चष्मा काढायला विसरल्यात.

काकांचं म्हणणं, ऑर्गनवाल्याचं काम वाजवणं नाही, भरणं. गाणारा श्वास घेतो, आवंढा गिळतो, शब्द विसरतो. तिथे प्रेक्षकाला खड्डा लागता कामा नये. त्यामुळे जगाकडे बघायची त्यांची एकच रीत. माझ्या आमटीत खोबरं कमी पडलं तर विचारणार, "रिकामं वाटतंय काय?" नाक्यावरचं गुलमोहराचं झाड मेट्रोसाठी काढलं तेव्हा फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "रिकामं वाटतंय काय?" लोक घाईत. एकाने त्यांना रिक्षा हवीय असं समजून रिक्षा थांबवून दिली.

तर गेल्या वर्षी ते नाटक नव्याने उभं राहिलं. दिग्दर्शक तिशीचा, दाढीवाला, बोलायला फार गोड. तो चाली समजून घ्यायला काकांकडे दोन वेळा आला. काकांनी त्याला सोलकढी पाजली, एकेक जागा गाऊन दाखवली आणि तिसऱ्या वेळी तो आपल्याला वाजवायला बोलावणार म्हणून इस्त्रीचा झब्बा दाराच्या मागे टांगून ठेवला. तिसऱ्या वेळी त्याचा फोन आला. ऑर्गन नाही, पडदे नाहीत, राजवाडा नाही, माणसाचा आवाज तेवढा ठेवायचाय. काकांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मला वर बोलावून ते वाक्य तसंच्या तसं ऐकवलं. माणसाचा आवाज तेवढा. नंतर म्हणाले, बघू, लोकांना रिकामं वाटल्याशिवाय राहणार नाही. दहा माणसं. दहा माणसांनी आपणहून पेटीची, म्हणजे ऑर्गनची, आठवण काढली की ते दिग्दर्शकाला जाऊन सांगणार होते. झब्बा दारामागेच राहिला.

पहिला प्रयोग मुलुंडलाच होता, दुपारचा साडेचारचा. मला बरोबर नेलं. स्टेजवर एक लाकडी स्टूल आणि एक स्टीलचा पेला. नट सगळे काळ्या कपड्यांत. तबला एक, तोही लाजत वाजणारा, आणि तंबोरा मोबाइलमधला. शेजारचे गृहस्थ पंधरा मिनिटं घड्याळ बघत होते, मग मला हळूच म्हणाले, "सेटचा ट्रक घोडबंदरला अडकला असणार." मध्यंतरात काका बटाटेवड्याच्या काउंटरशी उभे राहिले. तिथे माणूस खरं बोलतो असा त्यांचा अनुभव. बहुतेकांचं म्हणणं होतं की एसी चांगला आहे. एक बाई म्हणाल्या की त्यांच्या स्वयंपाकघरात यापेक्षा जास्त सामान असतं, आणि सासू एवढी सुटसुटीत कशी? एकाने पुढच्या रांगेतून डोकावून पाहिलं होतं. पेल्यात दूधच नव्हतं, ही सरळसरळ फसवणूक होती. काका प्रत्येकाला शेवटी विचारत, रिकामं वाटलं काय? लोक म्हणत, हो, खूप. काकांचे डोळे चमकत. मग कळे, की ते वरच्या बाल्कनीतल्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल बोलतायत.

पार्ल्याच्या प्रयोगाला एका आजोबांनी काकांचा दंड धरला आणि सांगितलं, "नाटक सो-सो, पण पेटी काय वाजवली हो!" काकांनी पेटी नव्हती हे समजावलं. आजोबांनी मानलं नाही. ते म्हणाले, मी हे नाटक तरुणपणी चार वेळा पाहिलंय, मला कान आहेत, पेटी होती. काका संतापावं की आजोबांच्या पाया पडावं या पेचात वडा हातात धरून उभे राहिले. दहा माणसांत हे आजोबा धरायचे की नाही, यावर आमचा घरी येईपर्यंत वाद झाला. मी म्हटलं धरा. काका म्हणाले, त्यांना ऑर्गन ऐकू आलाय, मग कमी कुठे जाणवला? आकडा शून्यच राहिला. मला त्यांचा राग आला होता, कारण माणूस स्वतःशी इतका प्रामाणिक असला की सोबत करणाऱ्याला काही देता येत नाही.

तिसरा प्रयोग बोरिवलीला. आम्ही बसने गेलो. या वेळी आमच्या पुढे एक खमक्या बाई होत्या. दुसऱ्या अंकात त्या वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या खुर्चीला लाथा मारताय केव्हापासून." काकांनी माफी मागितली आणि दोन मिनिटांनी पुन्हा थपथप. त्या पुन्हा वळल्या. शेवटी मी चप्पल काढली आणि माझा डावा पाय काकांच्या उजव्या पायावर ठेवला, चांगला दाबून. लहान पोराला मारून मुटकून झोपवतात तसं. पायाने थोडी धडपड केली आणि मग तो गप्प पडला.

तशातच अंगाई आली. मुलगी विशी-बाविशीची, स्टुलावर बसलेली, मांडीवर नुसती दुमडलेली ओढणी. ती बेताने गात होती. शेवटच्या ओळीआधी तिने श्वास घेतला. सर्दी झाली होती की काय देव जाणे, तो श्वास मध्ये अडकला, फाटला, आणि आत गेला. सगळ्या थिएटरला ऐकू आला. तबला थांबलेला, तंबोरा बंद, त्या श्वासाशिवाय काहीच नव्हतं. पुढच्या खमक्या बाई तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. मीही रडले. नाटक संपलं, लोक टाळ्या वाजवायच्या आधी खूप वेळ नुसते बसून राहिले, आणि मी पाय उचलला तरी काकांचा पाय हलला नाही.

वड्याच्या काउंटरकडे ते गेले नाहीत. बाहेर कुणीतरी त्यांना ओळखीचं समजून म्हणालं की शेवटी काळजात कालवलं. काकांनी नुसती मान हलवली. परतीच्या बसमध्ये त्यांनी एकच गोष्ट विचारली, या मुलीने मागच्या दोन प्रयोगांतही तिथे श्वास घेतला होता का? घेतला असणार, मी म्हटलं, गाणार कशी नाहीतर? "मला ऐकू आला नाही," काका म्हणाले. "मी वाजवत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले, हातात जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. मी पोहे टाकले होते. ते ओट्याशी उभे राहूनच बोलले. शालूकाकूंना दमा होता. शेवटच्या ओळीला त्यांचा श्वास पुरायचा नाही, आणि त्यांना त्याची लाज वाटायची. पहिल्याच प्रयोगानंतर त्या विंगेत रडल्या होत्या, लोक काय म्हणतील म्हणून. तेव्हापासून काकांनी तिथे दोन्ही पाय दाबून सूर भरायचा. तीस वर्षांत एकाही प्रेक्षकाला तो श्वास कळला नाही. ही आपली सगळ्यात मोठी कामगिरी, असं ते आजवर समजत होते.

"मी शालूचा श्वास कुणाला ऐकूच दिला नाही गो," काका म्हणाले. "मलासुद्धा."

घरात तिची ही एवढीच टेप. रात्रभर त्यांनी ती जागा ऐकली होती, पण त्यांचे कान आता सत्तरी ओलांडलेले. माझे बरे आहेत, म्हणून ते आले होते. मी गॅस बंद केला, पंखा बंद केला आणि टेपरेकॉर्डर कानाला लावला. शालूकाकूंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. जाड, थोडा घोगरा, घरातला. शेवटच्या ओळीआधी ऑर्गन उसळला, आणि त्या उसळीच्या अगदी तोंडाशी काहीतरी खस्स झालं.

"आहे," मी म्हटलं. "ऐकू येतोय."

काकांनी टेप मागे घेतली आणि मला बोट वर करायला सांगितलं, येईल तेव्हा. ती जागा आली. मी बोट वर केलं. काकांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"तो श्वास नाय," ते एकदम गावच्या मालवणीवर येत म्हणाले. "तो भातो. माझो पाय."

त्यांना एक श्वास आणून द्यायला मी काहीही केलं असतं, आणि माझ्याजवळ तो नव्हता. काकांनी कॅसेट काढली, डबीत ठेवली, डबी खिशात घातली. मग दाराशी जाऊन थांबले.

"पण तुका तो श्वास वाटलो?"

"वाटला, काका."

"शालूचो?"

"हो."

हे खरं होतं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं असावं. "मग लोकांकपण वाटलो असतलो," ते म्हणाले आणि पोहे न खाता वर गेले. पोहे मी नंतर डब्यातून पोचवले. झब्बा दारामागे नव्हता.

मला वाटलं, आता छत शांत होणार. त्या दुपारी चार वाजता मी फळ्यावर समीकरण मांडलं आणि थपथप सुरू झाली, मोज्यांतली, नेहमीसारखी. अर्धा तास होत आला. पूर्वी शेवटाकडे ती जोरात यायची, ट्यूबलाइट हलायची, तिथे पोरं हसायची. त्या दिवशी तिथे ती थांबली. एक श्वास घेण्याएवढा वेळ वर काहीच वाजलं नाही. मग पुढची ओळ सुरू झाली.

तेव्हापासून रोज तसंच आहे. पोरं विचारतात, मॅडम, वरचे काका मध्येच का थांबतात? मी त्यांना गप्प बसायला सांगते. साडेचारला दोन-तीन मिनिटं कमी असतात, तेवढ्यात ती जागा येते. काका पाय उचलतात, आणि मी खडू.