भागाबाईच्या मिरच्या आणि जालीम अर्क

एका जंगलात, बाळांनो, भागाबाई नावाची अस्वलीण राहायची. अस्वलं मध खातात, मिरच्या कशाला लावतील, असं कोण म्हणालं? गोष्ट मी सांगतोय ना? मग गप बसा.

तर भागाबाईने मिरच्या लावल्या होत्या. तिची लेक चंद्री पलीकडच्या डोंगरात दिली होती, आणि वर्षाचं तिखट माहेरून यायचं, असं लग्नातच ठरलं होतं. तिखट गेलं नाही तर सासू चंद्रीला वर्षभर घालूनपाडून बोलणार. भागाबाईचा सगळा जीव त्या मिरच्यांत होता.

मिरच्या लाल व्हायला लागल्या आणि मावा पडला. मावा म्हणजे बारीक हिरवे किडे. पानाखाली बसतात आणि रस पितात.

भागाबाई धनेशरावांकडे धावली. हा मोठ्या चोचीचा पक्षी नैसर्गिक शेतीच्या शिबिराला जाऊन आला होता. तेव्हापासून तो झाडाच्या शेंड्यावरूनच बोलायचा.

"विषारी औषध अजिबात नको," धनेशराव म्हणाले. "मिरची-लसणाचा अर्क करा. गोमूत्रात मुरवा. शंभर टक्के नैसर्गिक."

जंगलात गाय कुठली? भागाबाई मडकं घेऊन गव्याकडे गेली.

"वहिनी, मागायला दुसरं काही सुचलं नाही का?" गवा म्हणाला. पण स्वभावाने भला. मडकं घेऊन झाडाआड गेला.

लसूण रानडुकराने दिला. मिरच्या काय, घरच्याच होत्या. भागाबाईने टोपलीभर तोडल्या, वाटल्या, मुरवल्या आणि फवारल्या.

मावा बांधावर गेला, जरा शिंकला आणि परत आला.

"मात्रा कमी पडली," धनेशराव म्हणाले. "तिखट वाढवा."

भागाबाईने आणखी तोडल्या. मग आणखी. वाटून वाटून तिच्या पंजांची आग आग झाली. शेवटी मावा एकदाचा मेला.

धनेशरावांनी सगळं जंगल बघायला बोलावलं. झाडं हिरवीगार, पानं तुकतुकीत, औषधालाही किडा नाही.

"मिरचीसुद्धा नाही," मुंगूस म्हणालं. चांगल्या कामात खुसपट काढतं म्हणून त्याला सगळ्यांनी गप्प केलं.

पानाखालून एक म्हातारा मावा खुरडत बाहेर आला. तेवढा एकच वाचला होता.

"बाई," तो म्हणाला, "आम्ही नुसता पानांचा रस पीत होतो. मिरच्या आम्हाला सोसतच नाहीत."

तेवढ्यात चंद्रीची सासू रिकामा डबा घेऊन आली.

"तिखट तयार आहे ना, विहीणबाई? चंद्रीला सांगूनच आलेय, की डबा भरल्याशिवाय परत येत नाही."

भागाबाईने झाडांकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. आणि ती घळाघळा रडायला लागली.

"बघा," धनेशराव शेंड्यावरून म्हणाले, "अर्काचा गुण अजून उतरलेला नाही."

तात्पर्य : पिकावर कीड पडली तर घाबरू नये. आधी पीक संपवावं. मग कीड आपोआप जाते.