बुटीबोरीची बस आणि सातशे ऐंशी नॅनोमीटर

तीस वर्षं झाली मले फिजिक्स शिकवता शिकवता. घरातली कोणतीही मशीन माझ्यापुढे खोटं बोलू शकत नाही, असं मी सांगत असतो. सांगत होतो म्हणा.

आमच्या लग्नाले पंचवीस वर्षं झाली. लग्नाच्या दिवशी वरात हिंगणघाटले दोन घंटे उशिरा पोचली, कारण आमची बस बुटीबोरीजवळ बंद पडली. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की मलेही आता ती बस दिसते.

गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या पेटीत लग्नाची एक सीडी सापडली. त्यांनी, म्हणजे गोपाळरावांनी, स्वतःचा वेगळा कॅमेरावाला लावला होता, हे कोणालेच माहीत नव्हतं. ते गेले त्याले सहा वर्षं झाली. सासूबाईंचा, अंजनाबाईंचा, फोन आला, "येत्या रविवारी मी येतो तुमच्याकडे, जावई. एकदा त्याईचा आवाज ऐकू द्या, बस."

अन् मी नेमका त्याच आठवड्यात घरात नवा डीव्हीडी प्लेयर आहे म्हणून जुना सीडी प्लेयर भंगारात काढला. मिनल, म्हणजे आमच्या सौ., म्हणाली, "अहो, काहून देता? डीव्हीडीवाला सीडी घेतच नाही. आईची सीडी कशावर लावसान?"

"अवं, त्याच्यात दोन लेझर असतात. सीडीचा सातशे ऐंशी नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा साडेसहाशेचा. सीडीचा गेला असंल, पण दुसरा त्याच्याहून बारीक आहे. बारीक सुईनं गोणपाट शिवता येत नाही काय?"

तिनं हात जोडले. मले वाटलं, पटलं.

रविवारी सासूबाई पांढरी साडी नेसून टीव्हीसमोर बसल्या. सीडी टाकली. मशीन गुरगुरली अन् पडद्यावर आलं, 'नो डिस्क'. पुसून टाकली. 'नो डिस्क'. फुंकून टाकली. तेच. सासूबाई भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे वळून बसल्या. मले फार वाईट वाटलं.

पुस्तक काढलं तेव्हा कळलं. स्टुडिओवाल्यानं दुकानातच भरलेल्या सीडीवरचा रंग साडेसहाशेचा लाल प्रकाश परत पाठवतच नाही, त्याले सातशे ऐंशीच लागते. हे मी कधी शिकवलं नाही, कारण परीक्षेत येत नव्हतं.

पंचेचाळीस डिग्रीत डोक्याले दुपट्टा गुंडाळून चंपतरावच्या भंगार दुकानात गेलो. तिथं माझाच प्लेयर भीमगीतं वाजवून राहिला होता.

"चंपतराव, हा नवा घे, तो जुना दे."

"मास्तर, जुन्यात काही लपवलं होतं काय?"

"नाही गा. नवा सीडी वाचत नाही."

"मंग मी काय करू त्याचं? माह्या बी सीड्याच आहेत."

शेवटी नव्या प्लेयरवर आमचा टेबलफॅन चढवला, तेव्हा गडी मानला. मे महिन्यात टेबलफॅन!

घरी येऊन सीडी टाकली. चित्र उमटलं. सासूबाई पुढे सरकल्या. मांडव, खुर्च्या, घड्याळाकडे पाहणारे बौद्धाचार्य. मग कॅमेरा गल्लीच्या कोपऱ्यावर गेला. तिथं आमची बस उभी होती, धडधाकट. अन् बसपुढे बॅन्डच्या तालावर नवरदेव नाचून राहिला होता. जमिनीवर लोळून.

तेवढ्यात पडद्यावर एक तळहात आडवा आला अन् गोपाळरावांचा आवाज ऐकू आला, "हे नको घेऊ गा. जावई आहे आपला. बस बंद पडली म्हणून सांगू."

म्हणजे बंद पडलेल्या बसची ती थाप माझी नव्हतीच. त्यांचीच होती. त्यांनी दिली, मी पंचवीस वर्षं चालवली.

मिनल तोंडात पदर कोंबून हसत होती, अन् रडतही होती. सासूबाईंनी डोळे पुसले. "म्हणून पेटीत कुलपात ठेवली होती वं त्याईनं," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "जावई, पुन्हा लावा. हात येते तिथून."

चार वेळा लावली. दर वेळी पहिल्यापासून, माझ्या लोळण्यासकट, कारण मागंपुढं करायचं बटण चंपतरावनं तोडून ठेवलं होतं.

आता कॉलेजातून यायले मले दहा मिनिटं उशीर झाला, की मिनल दार उघडते अन् वाट अडवून विचारते, "बुटीबोरीले काय?"